शटल म्हणजे आपला धोटाच

प्रश्न : माझा मुलगा बॅडमिंटनच्या फुलाला शटल म्हणतो. कंपनीच्या ने-आण करणाऱ्या गाडीलाही शटल म्हणतात आणि अंतराळात जाऊन येणारे यानही शटलच! या तिन्हींत साम्य काय?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : हा प्रश्न सोलापूरहून यावा याचा मला फार आनंद झाला. शटल म्हणजे मुळात मागावरचा धोटा, आडवा धागा घेऊन कापडाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ये-जा करणारा.

माझे वडील सोलापूरच्याच पूर्व भागातल्या एका कारखान्यात जेकार्डच्या, म्हणजे विणतानाच नक्षी उठणाऱ्या, चादरी विणत. दुपारी त्यांचा डबा घेऊन गेले की मी मागापाशी उभी राहून धोटाच बघत बसायची. लाकडी, दोन्ही टोकांना पोलादी टोपी, पोटात सुताची कांडी. ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून, तो असा सुटायचा की नजर ठरत नसे. एकदा तो मागातून उसळला आणि वडिलांच्या भुवईला लागला. ती खूण शेवटपर्यंत राहिली. पुढे कोशात शटलचा जुना अर्थ ‘बाण’ असा वाचला, तेव्हा पहिल्यांदा ती भुवईच आठवली.

जुन्या इंग्रजीतला शब्द ‘श्युटेल’, म्हणजे फेकायचा बाण. ‘शूट’ त्याच घरातला. ‘शट’सुद्धा, कडी झटक्यात सरकवली की दार बंद, आणि त्यावरूनच दुकानाचे शटर. पण सुटलेला बाण काही परत येत नाही. चौदाव्या शतकाच्या सुमारास हे नाव धोट्याला मिळाले आणि मग त्याला येरझाऱ्यांचा अर्थ चिकटला. १७३३ मध्ये इंग्लंडच्या जॉन के यांनी दोरीच्या झटक्याने पळणारा धोटा काढला. त्याआधी रुंद कापडाला दोन विणकर लागत, एक फेकायला आणि एक झेलायला.

बॅडमिंटनचे फूल दोघांत असेच ये-जा करते. (या खेळाचे नियम १८७०च्या दशकात पुण्यात आकाराला आले, तेव्हा त्याला ‘पूना’च म्हणत.) गाडीचे तर उघडच आहे. यानाचे मात्र नीट सांगते. त्याआधी माणसांना पृथ्वीच्या कक्षेत नेणारी याने एकदाच वापरली जात. अमेरिकेचे ‘कोलंबिया’ हे यान १२ एप्रिल १९८१ रोजी उडाले, परतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुन्हा गेले. म्हणून ते शटल.

नव्या रेपियर मागांवर आडवा धागा दांडी किंवा पट्टीच ओढून नेते, धोटाच नसतो, त्यामुळे त्यांना ‘शटललेस’ म्हणतात. तेव्हा जुने माग चालू आहेत तोवर मुलाला एखाद्या कारखान्यात घेऊन जा आणि धोटा त्याच्या हातात द्या. माग चालू असताना मात्र धोट्याच्या रेषेत उभे राहू देऊ नका.