कॉलनीतून शॉर्टकट मारणाऱ्या गाड्या कशा बंद करता येतील?

गेटचा विचार आधी डोक्यातून काढा. तुम्ही लिहिलंय की मुख्य रस्त्यावरचा सिग्नल चुकवायला संध्याकाळी गाड्या कॉलनीत घुसतात, पोरांना खेळता येत नाही आणि कमिटीत दोन्ही टोकांना गेट लावून वॉचमन बसवायचं घाटतंय. रस्ता महापालिकेच्या ताब्यात असेल तर तो अडवायचा अधिकार सोसायटीला नाही. कोणी एकाने तक्रार केली की गेट निघेल आणि खर्च अंगावर पडेल.

पण तुमची मागणी चुकीची नाही. 2013 ते 2017 मी लंडनमध्ये वॉल्थमस्टोला भाड्याने राहत होतो, भुयारी रेल्वेच्या व्हिक्टोरिया लाइनच्या शेवटच्या स्टेशनजवळ. तिथल्या ‘व्हिलेज’ म्हणवणाऱ्या जुन्या वस्तीत हेच दुखणं होतं. 2014 मध्ये कौन्सिलने, म्हणजे तिथल्या पालिकेने, आधी काही दिवस प्रयोग केला आणि पुढच्या वर्षी बदल कायम केले. गाड्यांना बंदी कुठेच नव्हती, ऑर्फर्ड रोड हा छोटा बाजाररस्ता सोडला तर. तिथे दिवसा फक्त बस आणि सायकली. बाकी प्रत्येक घराच्या दारापर्यंत गाडी जायची, पण मधेमधे खांब आणि झाडांच्या मोठ्या कुंड्या ठेवून गल्ल्या अशा तोडल्या होत्या की ज्या बाजूने आत आलात त्याच बाजूने बाहेर पडायचं. आरपार जाता येत नाही म्हटल्यावर परका माणूस आत वळतोच कशाला?

विरोध मात्र जोरदार झाला. उद्घाटनाला लोक चक्क शवपेटी खांद्यावर घेऊन आले होते, व्हिलेज मेलं म्हणून! नंतर कौन्सिलने मोजलं तेव्हा आतल्या रस्त्यांवरची वाहनं सरासरी 44 टक्क्यांनी घटली होती. बाहेरच्या काही रस्त्यांवर वाढलीही, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या रस्त्यांवरही माणसं राहतात, आणि त्यांचा राग मला आजही रास्त वाटतो. अग्निशमन दलाच्या गाड्या अडकतील ही भीती मात्र खरी ठरली नाही. त्या भागातल्या नोंदी तपासल्या तेव्हा त्यांना पोचायला उशीर झाल्याचं दिसलं नाही.

आता आपल्याकडे. तिथली नक्कल जशीच्या तशी चालणार नाही, कारण दुचाकी. खांबांमधून सायकल जाईल एवढी फट ठेवली की तिथून स्कूटर जाणारच, आणि फट नाही ठेवली तर फुटपाथवरून जाईल. पुण्यात हे रोज बघतो. त्यामुळे चारचाकी थांबतील, दुचाकी थोड्या कमी होतील, एवढीच अपेक्षा ठेवा. त्यापेक्षा, मधे बाजूला निघणारी गल्ली असेल तर, मला एकेरी वाहतूक बरी वाटते: गल्लीच्या अर्ध्या भागात एक दिशा, उरलेल्या अर्ध्यात उलटी. मग शॉर्टकट उरतच नाही. उलट्या दिशेने घुसणारे महाभाग असतीलच, पण ते तर सगळीकडेच आहेत.

कायद्याची वाट अशी. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 115 खाली राज्य सरकार किंवा सरकारने अधिकार दिलेला अधिकारी ठरावीक रस्त्यावर वाहनांना बंदी किंवा निर्बंध घालू शकतो. पुण्यात असे आदेश वाहतूक शाखेचे पोलीस उपायुक्त काढतात: आधी तात्पुरते, मग नागरिकांच्या हरकती-सूचना मागवतात, मग अंतिम. अग्निशमन, रुग्णवाहिका, पोलीस यांना सूट असतेच. कलमातली एक सोय तुमच्या कामाची आहे. निर्बंध महिन्याभराच्या आतला असेल तर राजपत्रात अधिसूचना लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणून अर्जात कायमची बंदी मागू नका, महिन्याचा प्रयोग मागा. देणाऱ्यालाही ते सोपं जातं. शेजारच्या सोसायट्यांच्या सह्या घ्या, विशेषतः ज्यांच्या दारात तुमची वाहतूक जाऊन पडणार आहे त्यांच्या.

आणि अर्जाआधी मोजणी करा. दोन-तीन दिवस संध्याकाळी 6 ते 8 दोन्ही टोकांना एकेकाने वही घेऊन बसायचं. नंबरांचे शेवटचे चार आकडे लिहायचे. जो नंबर चार-पाच मिनिटांत दुसऱ्या टोकाला दिसला, तो आरपारवाला. आमच्या गल्लीत आम्ही हे केलं तेव्हा निम्म्याहून जास्त गाड्या आमच्याच सोसायट्यांच्या निघाल्या. त्यातली एक अर्जावर पहिली सही करणाऱ्या काकांची, दोन तासांत तीनदा. तो अर्ज अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.