सप्ताहाचं कीर्तन प्लेअरवर

प्रश्न: अॅम्प्लिफायरवरून कीर्तन थेट एमपीथ्री प्लेअरच्या ‘लाइन इन’मध्ये घ्यायचंय. जुन्या हेडफोनची वायर चालेल का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर: नको. तिच्या केसासारख्या तारांवर लाखेचा थर असतो, तो जाळल्याशिवाय सोल्डरचा डाग धरत नाही. शिवाय शील्ड (तारेभोवतीची जाळी) नाही, त्यामुळे मंडपातल्या लायटिंगची घरघर येते. माइकची शील्डवाली वायर दोन मीटर घ्या.

३.५ मिमी स्टिरिओ पिनचं टोक डाव्या चॅनलचं, त्यामागची कडी उजव्या चॅनलची. अॅम्प्लिफायर मोनो असतो, म्हणून आतली तार दोन्हींना जोडा, जाळी पिनच्या मागच्या भागाला (अर्थ). मोनो पिन लावली तर उजवा चॅनल अर्थला टेकतो, एकाच कानात ऐकू येतं.

वायरचं दुसरं टोक अॅम्प्लिफायरच्या ‘लाइन आउट’ला. स्पीकरच्या टर्मिनलला चुकूनही नाही! तिथे १०० व्होल्टची लाइन असू शकते, प्लेअर गेलाच समजा.

आवाज फाटला तर आतल्या तारेत १० किलोओहमचा रेझिस्टर, त्यापुढे पिनजवळ तार आणि जाळीमध्ये १ किलोओहमचा दुसरा. सिग्नल अकरावा हिस्सा उरतो. रेकॉर्डिंगची लेव्हल पखवाजाच्या थापेवर लावा, बुवांच्या बोलण्यावर नव्हे.

चार्जर काढूनच रेकॉर्ड करा, नाहीतर घरघर येते. १२८ केबीपीएस या दर्जाला तासाला साधारण ५८ एमबी जागा लागते.