पैशाशिवाय जगून पाहणारे लोक ढोंगी असतात का? त्यांच्यावरच्या टीकेला उत्तर काय?

पैशाशिवाय जगण्याचे प्रयोग करणाऱ्यांना लोक 'ढोंगी', 'फुकटे' म्हणतात, ते कितपत खरं आणि त्यावर काय बोलावं, असं तुम्ही विचारलंय. मी हे स्वतः करून बसलोय म्हणून लिहितो. वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात आमची थोडी शेती आहे. २०२३ च्या पाडव्याला मी पैसे हातात घेणं बंद केलं, ते पुढच्या साली पोळा होईपर्यंत. मधे एका वर्तमानपत्राने फोटोसकट अर्धं पान छापलं आणि मग काय, बाजारात, पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत, वाचकांच्या पत्रव्यवहारात, जिकडेतिकडे माझा निकाल लागू लागला. त्यातलं बरंचसं फालतू होतं. जे फालतू नव्हतं ते मात्र माझ्या प्रयोगापेक्षा कामाचं होतं.

फालतू आधी उरकतो. "पैशाले हात नाही लावत म्हन्ते, मंग डांबरी रोडवर काऊन चालतं? वावरातून ये ना!" हे मला इतक्या जणांनी इतक्या वेळा ऐकवलं की पुढे पुढे समोरच्याचं तोंड उघडायच्या आधीच मी मान हलवायचो. सायकल आधी विकत घेतलेली. ताप आला तेव्हा सरकारी दवाखान्यात गेलो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यात तिथे केसपेपरचेही पैसे घेत नाहीत, पण गोळ्या काही झाडाला लागत नाहीत, कोणीतरी कर भरतो. सगळं कबूल. आयर्लंडच्या मार्क बॉयललाही हेच ऐकावं लागलं. तो २००८ च्या नोव्हेंबरपासून इंग्लंडात ब्रिस्टलजवळ फुकट मिळालेल्या एका जुन्या कॅरॅव्हॅनमध्ये पैशाशिवाय राहिला, आणि लोकांची नजर त्याच्या सोलर पॅनेलवर. त्याच वर्षी आधी तो ब्रिस्टलहून पायी, बिनपैशाने, थेट पोरबंदरला निघाला होता. कॅलेलाच अडकला. फ्रेंच येत नव्हतं, लोकांना वाटलं हे फुकटे तरी असतील नाहीतर आसरा मागायला आलेले. पोरबंदर राहिलं बाजूला.

या टीकेला उत्तर देत बसू नका. पैशाचा स्पर्शही न झालेली वस्तू शोधायला गेलात तर अंगावर धोतरही राहणार नाही. आणि ते शोधायचं असतं असं मी कधी म्हटलंच नव्हतं.

आता 'फुकटे'. आमच्या भागात या शब्दाचं उत्तर गाडगेबाबांनी देऊन ठेवलंय. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा हा माणूस गावात शिरला की आधी झाडू हाती घ्यायचा, गाव झाडायचा, मग भाकर. पुढे लोकांनी दिलेल्या पैशातून धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण स्वतःजवळ गाडगं आणि चिंध्याच. मीही ठरवलं होतं की आधी काम, मग जेवण. निंदणाला गेलो, तूर सोंगायला गेलो, पोरांची गणितं घेतली, मोटारीचं वायरिंग दुरुस्त करून दिलं. त्यामुळे फुकटा म्हटल्यावर मला राग यायचा.

तो राग एका बाईने उतरवला. तिच्या नवऱ्याच्या वावरात मी कापूस वेचायला जायचो आणि संध्याकाळी त्यांच्याकडे जेवायचो, असं आमचं ठरलेलं. एका रात्री ताट वाढताना ती म्हणाली, "भाऊ, काम तुम्ही ह्यांचं करता, अन् भाकरी म्याच थापाच्या. माया हिशेब कोनाकडं?" ती स्वतः दिवसभर त्याच वावरात माझ्या बाजूच्या तासाला कापूस वेचत होती. तिच्या वेचणीत माझ्यापेक्षा दीडपट माल, आणि घरी आल्यावर चुलीपुढे तीच. बोली मी केली होती तिच्या नवऱ्याशी. दोन गड्यांमधला तो व्यवहार दिसायला बरोबर होता, फक्त त्याचा भार तिसरीवर होता.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला सरपण आणून द्यायला लागलो. सिलिंडर घरात होतं, पण भरायला परवडत नाही म्हणून ते चहापुरतं, बाकी सगळं चुलीवर. वावरातल्या पऱ्हाट्या, म्हणजे वेचून झालेल्या कपाशीची झाडं, उपटून, वाळवून, हातभर लांबीच्या मोडून त्यांचे भारे भिंतीला लावून दिले. तुराट्या वेगळ्या, कारण त्या भुर्रकन जळतात, पेटवायला बऱ्या; पऱ्हाटीचा विस्तव टिकतो. हे तिनेच शिकवलं. तेव्हापासून जिथे जेवायचं तिथे आधी बाईशी बोलायचं, हा नियम. ज्या कोणाला असा प्रयोग करायचाय त्याने निदान एवढं तरी करावं. पाहुणचाराचं कौतुक पुरुष करतात, पीठ मळायला वेगळंच माणूस बसलेलं असतं.

"बापाची जमीन आहे म्हणून नखरे सुचतात." हेही खरंच आहे, आणि याची लाज वाटून घेण्यात अर्थ नाही. सातबाऱ्यावर नाव नसतं तर मी पाडव्यापासून पोळ्यापर्यंत कुठे उभा राहिलो असतो? आमच्या जिल्ह्यात तर हा सवाल जुना आहे. सेवाग्रामला गांधी १९३६ साली राहायला गेले ती जमीन जमनालाल बजाजांची. विनोबा १९३८ साली पवनारला धाम नदीकाठी राहायला गेले तो बंगलाही बजाजांचाच. गांधींना गरिबीत ठेवायला फार खर्च येतो, असा चिमटा सरोजिनी नायडूंनी काढल्याचं सांगतात. पवनारलाच विनोबांनी कांचनमुक्तीचा प्रयोग केला: आश्रमाने पैशातून सुटायचं, भाजीपाला स्वतः पिकवायचा, बैल न लावता हाताने शेती करायची, विहिरीवरचा रहाट माणसांनी ओढायचा. तो रंगात असतानाच ते १९५१ साली पायी तेलंगणाकडे निघाले आणि १८ एप्रिलला पोचमपल्लीत पहिलं भूदान मिळालं. मला यात एक गोष्ट दिसते. पैसा सोडण्याचा प्रयोग करणारा माणूस बाहेर पडला आणि दुसऱ्यांसाठी मागत सुटला जमीन, पैसे नाही. जमीन नसलेल्याला कांचनमुक्ती सांगून उपयोग नसतो, हे त्यांना माझ्या टीकाकारांच्या कितीतरी आधी कळलं असावं.

आता किराणा दुकान. गावातल्या बाया पदरात पायली-अर्धी पायली तूर किंवा ओंजळभर सोयाबीन घेऊन दुकानात जातात आणि तेल, साखर, पोरासाठी बिस्किटाचा पुडा घेऊन येतात. बाहेरच्यांना वाटतं वस्तुविनिमय संपला; आमच्याकडे तो रोज संध्याकाळी चालतो. मीही मिठासाठी तूर नेली. मीठ काही वर्ध्यात पिकत नाही. दुकानदाराने तूर काट्यावर टाकली, मनातल्या मनात भाव धरला आणि मीठ दिलं. त्या साली तुरीचा हमीभाव ७,००० रुपये क्विंटल होता, बाजारात त्याच्या बरीच वर चालली होती, आणि या गृहस्थाने धरला होता हमीभावाच्याही खालचा. मी विचारलं तर म्हणाला, "नगदी पायजे तं मार्केटले ने." बरोबरच होतं त्याचं. पैसा हातात नव्हता, पण त्याच्या डोक्यात होता आणि माझ्याही. फरक एवढाच की भाव ठरवायचा हक्क माझ्याकडून गेला होता. जिला पायलीभर तुरीसाठी मार्केट यार्डात जाणं शक्य नाही तिच्याकडे तो कधी नव्हताच.

आणि हेच मला गावच्या न्हाव्याने जास्त कडक शब्दांत सांगितलं. मिळालेल्या सगळ्या टीकेत मी याचीच कदर करतो. कटिंगच्या बदल्यात काहीतरी काम करून देतो, असं सांगायला मी त्याच्या दुकानात गेलो होतो. टीनाचं छोटं दुकान, एक खुर्ची, आरसा, आणि आरशाच्या वर पेंटरकडून रंगवून घेतलेला फलक: कटिंग, दाढी, पोरांची कटिंग, प्रत्येकापुढे आकडा. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, हातातलं गिऱ्हाईक संपवलं, मानेवरचे केस झटकले, आणि वस्तऱ्याच्या टोकाने फलक दाखवला.

"माया बाप बलुतं घ्याचा. वर्षभर साऱ्या गावाच्या दाढ्या करा, अन् खळं झालं का टोपलं घेऊन उभं राहा. पाटलाच्या मनात येईल तेवढं. जास्त मांगतलं तं 'पुढच्या साली पाहू'. आता सरपंच येऊ दे का तू ये, भाव सारखाच. हे सोडून मी आता तुयासंगं काम-काम खेळू का?"

मी म्हटलं, मी पाटील नाही. तो म्हणाला, "तूच तं हायस."

आडनावाने नाही, पण त्याच्या जागेवरून पाहिलं तर होतोच. बिनपैशाच्या जगण्याची गोडी ज्यांना लागते त्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या खळं असतं. ज्यांच्या घरात टोपलं होतं त्यांना नाही लागत. बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं त्याच्या मुळाशी हेच होतं: कामाला ठरलेली मजुरी नाही, वेळेला मर्यादा नाही, आणि मोबदला म्हणून गावाच्या मर्जीवर मिळणारं धान्य. फलकावरचा आकडा ही त्या मर्जीतून झालेली सुटका. गावगाड्याचं प्रेमाने वर्णन करणारे लेख मी आधी आवडीने वाचायचो. आता त्यांत न्हाव्याचं टोपलं कुठे आहे ते शोधतो.

माझे केस आईने कापले. ते कसे दिसत होते हे त्या वर्तमानपत्राच्या फोटोत पाहायला मिळेल.

एक पत्र असं छापून आलं की ज्या जिल्ह्यात कर्जापायी माणसं औषध पितात तिथे हा पोरखेळ म्हणजे मेलेल्यांची चेष्टा. लिहिणाऱ्याला मी ओळखत नाही. त्याचा राग मला समजला. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्या सहांत वर्धा होता. तेव्हा गावात जी भाषणं झाली ती आम्ही सगळ्यांनी ऐकलीत. अशा ठिकाणी कोणी 'पैशाशिवाय जगा' असा उपदेश केला तर त्याला खेटर दाखवावं.

पण मी उपदेश केला नव्हता, आणि या पत्राला माझ्याजवळ एक खरं उत्तर आहे. कर्जबाजारी शेतकरी पैशाच्या जास्तच आत असतो, बाहेर नसतो. कपाशीचं बियाणं नगदी, खत नगदी, फवारणी नगदी, वेचाई नगदी, आणि कापूस विकून आलेला पैसा आधी कृषी केंद्राच्या उधारीत जातो. मी त्या साली कपाशी पेरलीच नाही. ज्वारी, तूर, मूग, थोडं जवस, धुऱ्यावर अंबाडी. पोटापुरतं निघालं, खर्च जवळपास नव्हता, आणि हे करता आलं कारण माझ्यावर कर्ज नव्हतं, घरात लग्नाची पोरगी नव्हती, कॉलेजची फी नव्हती. जवस देऊन बँकेचा हप्ता फिटत नाही. म्हणून उत्तर एवढंच: खाण्यापुरती शेती नगदीतून थोडी बाहेर काढता येते, फी, दवाखाना, लग्न यांतलं काहीही निघत नाही. कोणी निघतं म्हणून सांगत असेल तर त्याचा सातबारा पाहा.

मजा म्हणजे सरकार नेमकं उलट्या दिशेने चाललं होतं. आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना २०१५ पासून स्वस्तात गहू-तांदूळ मिळायचा. २०२३ पासून त्या धान्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये खात्यात टाकायचं ठरलं. म्हणजे मी नोटा सोडल्या त्याच साली रेशनच्या धान्याच्या नोटा झाल्या. दीडशेत काय येतं ते दुकानात उभं राहून पाहा. यावर कोणी अर्धं पान छापलं नाही.

तुम्ही स्वतः असं काही करणार असाल तर टीकेची तयारी नंतर करा, आधी घरच्यांना विचारा, आणि ज्यांच्याकडून काही घ्यायचंय त्यांच्याशी बोली पक्की करा: काय, किती, कधी. 'तुम्हाला वाटेल ते द्या' हे वाक्य वापरू नका, ते पाटलाचं वाक्य आहे. टीका झालीच तर प्रत्येकाला एकच विचारा, की माझ्या या हट्टाचा बोजा नेमका कोणावर पडतोय असं तुम्हाला दिसतं? रस्ता, डांबर, सायकल म्हणणारे इथे गप्प होतात. ज्यांना खरोखर दिसत असतं ते नाव घेऊन सांगतात.

आणि पीएम किसानचं काय केलं, हे हमखास विचारतील. वर्षाचे ६,००० खात्यात येतच राहतात, तुम्ही घ्या की नका घेऊ. माझे तसेच पडून होते. पोळा झाल्यावर त्यात थोडी भर घालून कुंपणाच्या तारेत करंट सोडणारं झटका मशीन घेतलं. रानडुकरांनी मूग सोडला नव्हता.