तेच खोरं, तोच ओढा, पण गेमाइंडे वेगळी

तुमची पोस्ट वाचली आणि काही वर्षांपूर्वीचा मीच समोर उभा राहिलो. स्वित्झर्लंडमधल्या ट्रुबशाखनमध्ये तुम्हाला दीड वर्ष झालंय, वर ट्रुबला एका शेतकऱ्याची श्टोक्ली (शेतघराशेजारचं छोटं घर) कमी भाड्यात मिळतेय, अंतर जेमतेम चार किलोमीटर. आणि स्विस नागरिकत्वासाठी गावाचा भूगोल, इतिहास, अर्थकारण काय वाचावं, हा दुसरा प्रश्न. सी परमिट (कायम राहण्याचा परवाना), देशात दहा वर्षं, भाषेचा दाखला हे सगळं झालंय असं धरून चालतो.

आधी घराचं. करारावर सही करू नका! ट्रुब आणि ट्रुबशाखन ही एकाच गावाची वरची आणि खालची आळी नाही, दोन स्वतंत्र गेमाइंडे आहेत, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखे वेगळे कारभार. बर्न कॅन्टोनमध्ये (कॅन्टोन म्हणजे इथलं राज्य) नागरिकत्वाच्या अर्जाआधी सलग दोन वर्षं एकाच गेमाइंडेत राहिलेलं असावं लागतं. मी बावीस महिने काढले होते. बावीस! मग मोठं घर दिसलं म्हणून शेजारच्या गेमाइंडेत गेलो. जाण्याआधी एका कार्यालयात फोन केला होता (कुठलं ते सांगत नाही). पलीकडच्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं, "कॅन्टोन तोच आहे ना, मग काही अडचण नाही." बाई कॅन्टोनच्या अटीबद्दल बोलत होत्या, मी गेमाइंडेबद्दल विचारत होतो. दोन महिन्यांनी अर्ज घेऊन गेलो तर तारीख बघून कागद परत. घड्याळ पुन्हा शून्यावर. फोनवर काय सांगितलं होतं याचा माझ्याकडे पुरावा शून्य. तेव्हापासून माझा एकच नियम आहे, प्रश्न ईमेलने विचारायचा आणि उत्तर छापून फाइलला लावायचं. अर्ज दिल्यावरही कॅन्टोन आणि गेमाइंडेची तपासणी पुरी होईपर्यंत बूड हलवू नका. मी वकील नाही, नियम बदलतात, चालू कायदा स्वतः वाचा.

आता वाचायचं काय? लोक नदी-डोंगरांची नावं घोकतात. ती लागतातच. नाप्फचा डोंगर साधारण १४०० मीटर, त्याच्या पलीकडे लुत्सर्न कॅन्टोन. ट्रुबचा ओढा ट्रुबशाखनला इल्फिस नदीला मिळतो, इल्फिस पुढे एमे नदीला. ट्रुबचं क्षेत्र सुमारे ६२ चौरस किलोमीटर आणि माणसं तेराशेच्या आसपास, म्हणजे घळीघळीत एकेकटी शेतघरं. पण माझ्या मते खरी गोम हाइमाटओर्टमध्ये, म्हणजे मूळगावात आहे. आपल्या आडनावातल्या 'कर'सारखंच हे. स्विस पासपोर्टवर जन्मगाव नसतं, मूळगाव असतं. फांकहाउझर, वुट्रिश ही ट्रुबची आडनावं, त्यातल्या कित्येकांनी ट्रुब पाहिलेलंही नसेल. पूर्वी गरिबाला पोसायची जबाबदारी या मूळगावावर होती. म्हणून कुणाला आपला म्हणायचं याबाबत गावं इतकी चिकट. आणि म्हणूनच गरिबांची पोरं, त्यांना पोसायला गावाकडे कमीत कमी पैसे मागणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी राबायला दिली जात. या फेर्डिंगकिंडरची सरकारने माफी मागितली ती थेट २०१३ मध्ये. म्हाताऱ्यांसमोर हा विषय हलक्या हाताने काढा.

इतिहासात ट्रुबचा बेनेडिक्टाइन मठ हवाच. बाराव्या शतकातला, धर्मसुधारणेत १५२८ मध्ये बंद झालेला. १६५३ चं शेतकऱ्यांचं बंडही वाचा. बर्नने बात्झन नाण्याची किंमत उतरवली, कर्जात बुडालेला शेतकरी पेटला, आणि पुढारी निक्लाउस लॉयेनबेर्गर शेवटी बर्नमध्ये मारला गेला. तो रुडर्सविलचा, म्हणजे इथलाच शेजारी.

अर्थकारण म्हणजे दूध, चीज आणि लाकूड. एमेंटालर चीजच्या एका चाकाला हजार लिटरच्या वर दूध लागतं हे मला नागरिकत्वाच्या मुलाखतीत विचारलं होतं. खाली ट्रुबशाखनला काम्ब्लीचा बिस्किटांचा कारखाना, १९१० पासून. तो ट्रुबचा म्हणून सांगू नका, दोन्हीकडचे लोक हसतील. आणखी एक गोष्ट, इथे शेत परंपरेने धाकट्याला मिळायचं. थोरल्याचा मान बघत वाढलेल्या आपल्याला हे चमत्कारिक वाटतं. पण धाकटा हाताशी येईपर्यंत बाप शेत स्वतःच कसू शकतो, आणि मग म्हातारा-म्हातारी बाजूच्या छोट्या घरात जातात. तीच श्टोक्ली. तुम्हाला भाड्याने मिळतेय ती.

गेमाइंडेच्या सभेला पाहुणे म्हणून मागे जाऊन बसा. मत देता येत नाही, पण पाण्याच्या पाइपावरून कोण कुणाशी भांडतं ते कळतं. मुलाखतीत मला त्याचाच उपयोग झाला.

श्टोक्ली फारच मनात भरली असेल तर मालकाला थांबायला सांगून बघा. दोन वर्षं भरू द्या, अर्ज जाऊ द्या, तपासणी संपू द्या. विचारायला गेलात की लाकडाची शेगडी आहे का आणि हिवाळ्यात वरच्या रस्त्यावरचा बर्फ कोण काढतं, तेही विचारून घ्या.