ब्रह्मगिरी फेरीला पहिल्यांदा जाताय? आधी पाय सांभाळा

अरे श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरी डोंगराभोवतीच्या पायी फेरीला निघतोयस ना, मग नवीन बूट घालून अजिबात येऊ नको, महिनाभर वापरलेले घाल आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा हवीच, नाहीतर उताराला नख दाबून काळं पडतं. नखं दोन दिवस आधी सरळ काप, कोपरे खोल कोरले की नखुरडं होतं आणि ते लय ठणकतं.

फोड आला तर फोडू नको. फुटलाच तर वरची कातडी तशीच ठेव, धुवून पट्टी लाव.

खरा त्रास चिखल्यांचा. पाऊस, ओले मोजे, आणि बोटांच्या बेचक्यात पांढरं पडून खाज सुटते, म्हणून पिशवीत कोरडे मोजे ठेवच, घरी आल्यावर बेचकं नीट पुसायचं. झाल्याच तर मेडिकलमधून क्लोट्रिमाझोल क्रीम आण, पण खाज थांबली म्हणून लगेच बंद नको करू, अजून दोनेक आठवडे लाव, इथेच सगळे चुकतात.

आणि काकांना शुगर आहे ना, त्यांना कुरूप ब्लेडने कापू देऊ नको रे, कॉर्न कॅप म्हणजे कुरुपावर चिकटवायची औषधी पट्टीसुद्धा नको, थेट डॉक्टरकडे ने.