वकिलाविरुद्धची तक्रार वकिलांच्याच परिषदेने का ऐकायची?

आपला प्रश्न असा आहे की, वडिलांच्या जमिनीच्या दाव्यात वकिलांनी ठरलेली फी पूर्ण घेतली, परंतु ते तारखांना हजर राहिले नाहीत आणि अखेर दावा गैरहजेरीमुळे काढून टाकला गेला. आता सगळे जण बार कौन्सिलकडे तक्रार करा असे सुचवतात, पण तिथे बसणारेही वकीलच असतील तर वकिलावर वकील कारवाई करतील कशी? मी गेली बावीस वर्षे जिल्हा न्यायालयात दिवाणी बाजूची वकिली करतो आणि एका पक्षकाराच्या वतीने वकिलाविरुद्धची तक्रार शिस्तपालन समितीपुढे मी स्वतः चालवलेली आहे. आपली शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर देणे हे या व्यवसायातल्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे असे मला वाटते.

आधी एक गल्लत दूर करतो. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या न्यायालयात बार रूम असलेला जो वकील संघ असतो, ती सभासदांची ऐच्छिक संघटना आहे. तिला कोणाचीही सनद, म्हणजे वकिली करण्याचा परवाना, काढून घेण्याचा अधिकार नाही. अनेक पक्षकार महिनोन्‌महिने संघाच्या अध्यक्षांकडे खेटे घालतात, आणि अध्यक्ष भले असले तरी समजूत काढण्यापलीकडे ते काही करू शकत नाहीत. अधिकार आहे तो अधिवक्ता कायदा, १९६१ अन्वये स्थापन झालेल्या राज्य बार कौन्सिलला. आपल्यासाठी ती ‘बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा’ असून तिचे कार्यालय मुंबईत उच्च न्यायालयाच्या विस्तारित इमारतीत आहे. वकिलाला सनद देणे, त्याचे नाव नामावलीवर ठेवणे आणि गैरवर्तन सिद्ध झाल्यास ते काढणे ही तिची कामे. वर्तनाचे नियम ठरवणे, कायद्याच्या शिक्षणाचा दर्जा पाहणे आणि राज्य कौन्सिलच्या निर्णयांवरील अपिले ऐकणे ही कामे दिल्लीतील बार कौन्सिल ऑफ इंडियाची.

आपल्या राज्य कौन्सिलवर पंचवीस सदस्य निवडून येतात. मतदार असतात नामावलीवरचे वकील, आणि राज्याचे महाधिवक्ता, म्हणजे राज्य सरकारचे सर्वोच्च कायदा अधिकारी, पदसिद्ध सदस्य असतात. शिस्तपालन समिती तीन जणांची असते: कौन्सिलचे दोन सदस्य, आणि तिसरा कौन्सिलच्या बाहेरचा, किमान दहा वर्षे वकिली केलेला वकील. म्हणजे आपण म्हणता ते खरेच आहे. तक्रार ऐकणारे तिघेही वकील असतात.

असे का केले असावे, याचे उत्तर इतिहासात आहे. स्वातंत्र्यापूर्वी वकिलाच्या सनदेवर अंतिम सत्ता उच्च न्यायालयाची होती. रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहाच्या प्रतिज्ञेवर सही केली एवढ्या कारणावरून १९१९ साली अहमदाबादच्या काही वकिलांवर मुंबई उच्च न्यायालयात शिस्तीची कारवाई चालली, आणि त्यासंबंधीचे जिल्हा न्यायाधीशांचे पत्र आपल्या ‘यंग इंडिया’ या साप्ताहिकात छापल्याबद्दल पुढच्याच वर्षी गांधीजींना न्यायालयाच्या बेअदबीच्या कारवाईला सामोरे जावे लागले. ज्याच्या हाती सनद आहे त्याच्याच विरुद्ध, किंवा त्याच्या पाठीशी असलेल्या सरकारविरुद्ध, वकिलाने बोलायचे तरी कसे? जमिनीच्या संपादनाविरुद्ध, पोलिसांच्या मारहाणीविरुद्ध, एखाद्या न्यायाधीशाच्या चुकीच्या आदेशाविरुद्ध उभा राहणारा वकील सरकारच्या किंवा न्यायालयाच्या मेहेरबानीवर जगत असेल, तर नुकसान अखेर पक्षकाराचेच होते. वकिलांच्या स्वायत्ततेचा मूळ हेतू हा आहे. ती वकिलांना सोय म्हणून दिलेली नाही, पक्षकाराला निर्भय वकील मिळावा म्हणून दिलेली आहे.

परंतु स्वायत्त संस्था आपोआप न्यायी असते असे मात्र मी म्हणणार नाही. बॅरिस्टरांना सनद देणाऱ्या लंडनच्या ग्रेज इन या संस्थेने १९०९ साली विनायक दामोदर सावरकरांना परीक्षा उत्तीर्ण होऊनही राजकीय कारणांवरून बॅरिस्टरीचा अधिकार दिला नाही, आणि तशाच इनर टेंपल या संस्थेने १९२२ साली गांधीजींचे नाव आपल्या पटावरून काढले. ते पुन्हा लावले गेले १९८८ मध्ये, म्हणजे गांधीजींच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी. या दोन्ही संस्था वकिलांनीच चालवलेल्या होत्या. तेव्हा प्रश्न ‘वकील की बाहेरचे’ एवढाच नसून, जे कोणी बसतात त्यांना कोणत्या नियमांनी बांधले आहे आणि त्यांच्या वर कोण आहे, हा आहे.

ते नियम आपल्या उपयोगाचे आहेत, म्हणून तपशिलाने सांगतो. तक्रार अर्जाच्या स्वरूपात, सही आणि सत्यापनासह (मजकूर खरा असल्याच्या लेखी निवेदनासह), ठरलेले शुल्क भरून करायची असते, आणि ती मराठीत केली तरी चालते. कौन्सिल प्रथम वकिलाकडून खुलासा मागवते आणि प्रथमदर्शनी गैरवर्तन झाल्याचे मानण्यास कारण दिसले तरच प्रकरण शिस्तपालन समितीकडे पाठवते. ही पायरी केवळ उपचार नाही. कौन्सिलने आपले डोके लावूनच तक्रार पुढे पाठवावी, यंत्रवत पाठवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार बजावले आहे, कारण हरलेला पक्षकार रागाने समोरच्या बाजूच्या वकिलावरही तक्रार करतो. समितीला साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. ती तक्रार फेटाळू शकते, वकिलाला ताकीद देऊ शकते, ठरावीक काळासाठी सनद निलंबित करू शकते किंवा नामावलीवरून नाव कायमचे काढू शकते. त्या निर्णयाविरुद्ध साठ दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि तिथून पुन्हा साठ दिवसांत थेट सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते. म्हणजे वकिलांनी वकिलाविषयी दिलेला निर्णय अखेर न्यायाधीशांच्या नजरेखालून जाऊ शकतो.

मी ज्यांच्या वतीने उभा राहिलो ते साठीचे शेतकरी होते. त्यांच्या वकिलांनी तीन वर्षे त्यांना ‘अपील दाखल केले आहे, नंबर पडायचा आहे’ असे सांगून परत पाठवले होते. त्यांच्याजवळ ना पावती होती ना पत्र. होती ती एक खिशात मावणारी डायरी. तिच्यात प्रत्येक खेपेची तारीख, एसटीचे भाडे, वकिलांना दिलेली रक्कम आणि ते काय म्हणाले ते एका ओळीत लिहिलेले होते. सुनावणीत समितीतील ज्येष्ठ सदस्यांनी ती डायरी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत शांतपणे चाळली आणि समोरच्या वकिलांना एकच प्रश्न विचारला, ‘अपिलाचा दाखल क्रमांक सांगा.’ ते उत्तर देऊ शकले नाहीत, कारण अपील दाखलच झालेले नव्हते. पुढच्या तारखेला त्यांनी सगळी फी परत देण्याची तयारी दाखवली आणि तक्रार मागे घेण्याचा मसुदाही तयार करून आणला. माझे पक्षकार सही करायला तयार झाले होते. तेव्हा समितीने समजावून सांगितले की, केवळ तक्रारदाराने माघार घेतली किंवा तडजोड झाली म्हणून चौकशी बंद करता येत नाही, असा नियमच आहे. गैरवर्तन झाले की नाही हा प्रश्न दोघांमधल्या देण्याघेण्याचा नाही. चौकशी पूर्ण झाली आणि सहा महिन्यांसाठी सनद निलंबित झाली. तिन्ही वकिलांनी एका वकिलाला दोषी ठरवलेले मी पाहिले आहे, म्हणून हे शक्य आहे असे आपल्याला खात्रीने सांगतो.

असा प्रकार नवा नाही. रंगदुराई विरुद्ध गोपालन या तमिळनाडूतील प्रकरणातही वकिलाने पैसे घेऊन दावा दाखल केला नव्हता आणि वृद्ध, बहिऱ्या पक्षकाराला खोट्या तारखा दिल्या होत्या. वकील दोषी असल्याचा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. मुंबईचे दाभोलकर प्रकरण तर आणखी बोलके आहे. फौजदारी न्यायालयाच्या आवारात पक्षकारांवर तुटून पडून त्यांना आपल्याकडे ओढणाऱ्या वकिलांना महाराष्ट्राच्या कौन्सिलने दोषी धरले, अपिलात बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्यांना सोडले, आणि त्यावर राज्याची कौन्सिलच सर्वोच्च न्यायालयात गेली. तिला अपिलाचा अधिकार आहे काय, हे ठरवण्यासाठी १९७५ साली सात न्यायाधीशांचे पीठ बसले आणि अधिकार आहे असे ठरले. व्यवसायाची शुचिता राखणे हे कौन्सिलचे सार्वजनिक कर्तव्य मानले गेले.

तरीही या व्यवस्थेतली दोन वैगुण्ये मला बोचतात. पहिले म्हणजे, ज्यांच्या मतांवर सदस्य निवडून येतात, त्यांच्याच विरुद्धच्या तक्रारी त्यांना ऐकाव्या लागतात. सदस्य कितीही सचोटीचे असले तरी तक्रारदाराच्या मनात संशय राहतोच, आणि न्याय देणाऱ्या संस्थेला तो परवडणारा नाही. इंग्लंडने २००७ च्या कायद्याने वकिलांच्या प्रतिनिधी संघटना आणि त्यांचे नियमन करणाऱ्या संस्था वेगळ्या केल्या आणि नियामक मंडळांवर वकील नसलेली माणसे आणली. आपल्या समितीतला तिसरा सदस्य निवृत्त न्यायाधीश किंवा वकील नसलेली जबाबदार व्यक्ती असावी असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने स्वायत्तता जाणार नाही, उलट तिच्यावरचा विश्वास वाढेल.

दुसरे वैगुण्य विलंबाचे. राज्य कौन्सिलने तक्रार मिळाल्यापासून एका वर्षात निकाली काढावी, नाही तर ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते, असे कलम ३६-ब सांगते. ही मुदत पाळली जात नाही हे पाहून २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाला स्वतंत्र निर्देश द्यावे लागले. आपली तक्रार दाखल झालेली तारीख नीट लिहून ठेवा आणि वर्ष उलटत आले की या कलमाचा उल्लेख करून लेखी विचारणा करा.

आता एक गोष्ट, जी माझ्या त्या पक्षकारांना निकालाच्या दिवशी कळली. आदेश ऐकून त्यांनी मला विचारले, ‘मग आता माझं अपील लागलं ना?’ ते लागले नव्हते. शिस्तपालन समिती वकिलाला शिक्षा करते. तुमचा दावा ती परत उभा करू शकत नाही. ग्राहक आयोगाचा मार्गही आता बंद आहे, कारण वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. भरपाईसाठी दिवाणी दावा आणि पैशांचा अपहार झाला असेल तर फौजदारी तक्रार हे मार्ग मात्र खुले आहेत. केवळ निष्काळजीपणा आणि गैरवर्तन यांत समिती फरक करते, हेही ध्यानात असू द्या. एखादी तारीख चुकणे वेगळे, आणि फी घेऊन सतत गैरहजर राहणे व पक्षकाराला अंधारात ठेवणे वेगळे.

म्हणून तक्रारीच्या आधी दाव्याकडे पाहा. गैरहजेरीत काढलेला दावा पुन्हा नोंदीवर घेण्यासाठी अर्जाची मुदत आदेशाच्या तारखेपासून तीस दिवसांची आहे. ती उलटली असल्यास विलंब माफीचा अर्ज जोडावा लागेल, आणि वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला होऊ नये हे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ सालीच रफिक विरुद्ध मुन्शीलाल प्रकरणात सांगितले असल्याने वडिलांची बाजू तिथे मांडता येईल. रोजनाम्याच्या प्रमाणित नकला आजच मागा; कोणत्या तारखेला कोण हजर होते हे त्यात असते आणि दोन्हीकडे तोच पुरावा लागेल. जुने वकील फी बाकी असल्याचे सांगून कागद अडवत असतील, तर फीपोटी पक्षकाराची कागदपत्रे रोखून धरणे हेच गैरवर्तन आहे असा २००० सालचा निर्णय आहे. कागदांची मागणी लेखी करा, रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.