काळपायी की काळपाऊल?

ऑस्टिनला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांनी अंगणात ‘ब्लॅकफूट डेझी’ लावली आहे आणि तिच्याशेजारी मराठी नावाची पाटी खोचायची आहे. ‘काळपायी’ लिहायचं ठरवलं, तर सासूबाई म्हणाल्या, “अगं, फुलाला कुणी असं नाव ठेवतं का!” व्याकरणात तर काही चूक दिसत नाही, मग खटकतं काय?

सासूबाईंचा कान पक्का आहे. झाडाझुडपांना अवयवावरून नाव द्यायची रीत आपल्याकडे जुनीच, पण तो अवयव बहुधा जनावराचा असतो: गोकर्ण, उंदीरकानी, मेंढशिंगी, वाघनखी. रंगाला अवयव जोडला की शब्द माणसावर जातो आणि शिवी होऊन बसतो. काळतोंड्या, काळजिभ्या आठवून पाहा. पायाचं तर त्याहून अवघड. ‘पांढऱ्या पायाची’ हे नव्या सुनेला किती सहज चिकटवलं जायचं, ते मागच्या पिढीतल्या बायकांना सांगायला नको. ‘काळपायी’ त्याच शब्दाची धाकटी बहीण वाटते. नावाचा धसका आपण घेतोही: कळलावीचं फूल इतकं देखणं, पण घरात भांडणं लागतील म्हणून ती दारात न लावणारे लोक आहेत.

शिवाय आपल्याकडे काळा कुडा म्हटलं की पांढरा कुडा आठवतो, काळी मुसळी म्हटलं की पांढरी. ‘काळपायी’ वाचून कुणी ‘पांढरपायी कुठेय?’ विचारलं, तर काय दाखवणार?

आता मुळात काळं काय आहे ते बघू. शास्त्रीय नाव मेलाम्पोडियम ल्युकँथम. ग्रीकमधून आलेल्या या नावाच्या पहिल्या शब्दात काळा पाय आहे आणि दुसऱ्यात पांढरं फूल. पण झाडाचा पाय शोधायला बुंध्याशी वाकू नका. कडेच्या प्रत्येक पांढऱ्या पाकळीच्या तळाशी एक बी धरतं आणि त्याला एक छोटं आवरण असतं. बी पिकलं की हे आवरण काळं पडतं, आणि त्याचा आकार असतो थेट पावलासारखा.

म्हणून माझं मत ‘काळपाऊल’ला. पाय आणि पाऊल यांचा अर्थ जवळजवळ एकच, पण वजन वेगळं. पाय पांढरा असतो, पाय घसरतो, पायगुण काढला जातो. पाऊल मात्र गौरीचं असतं, लक्ष्मीचं असतं, आपण ते रांगोळीने उंबऱ्यापासून आत काढतो. पावलाला काळा रंग दिला तरी त्याची शिवी होत नाही. पुढे ‘डेझी’ ठेवायला माझी हरकत नाही. तो शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘दिवसाचा डोळा’वरून आला, कारण युरोपातली डेझी सकाळी उघडते आणि संध्याकाळी मिटते. आपण एका फुलाला ‘दुपारी’ म्हणतो, तसंच हे. ‘कृष्णपदी’ मात्र नको. ते औषधाच्या बाटलीवरचं वाटतं.

बागेबद्दलही ताईंनी जाता जाता विचारलंय. ही टेक्सास ते ॲरिझोना आणि उत्तर मेक्सिकोतल्या चुनखडीच्या, खडकाळ उतारांवरची रानडेझी. जेमतेम फूटभर उंच, वसंतापासून थेट शरदापर्यंत फुलणारी, मधासारख्या वासाची. सोटमूळ खोल जातं, त्यामुळे दुष्काळ सोसते, पण त्यामुळेच रानातून उपटून आणलेलं रोप सहसा जगत नाही, नर्सरीतलंच घ्यावं. तिला कडक ऊन आणि आपल्या मुरमाड माळासारखी निचऱ्याची जमीन द्या. खताचे लाड केले तर फोफावते आणि लवकर संपते. रोज पाणी घातलं तर मूळ कुजतं.

पाटी रंगवण्याआधी एक वाळलेलं फूल पांढऱ्या कागदावर चुरा. जे काळे कण पडतील ते सासूबाईंना भिंगातून दाखवा, आणि नाव त्यांनाच ठेवू द्या.